प्रिंटएफनंतरचा प्रवास: सी भाषेतल्या बफरिंगचा आढावा

सी भाषेत प्रिंटएफ लिहिलं की अक्षरं पडद्यावर येतात, अशी समजूत पहिल्याच तासाला होते आणि बराच काळ टिकते, कारण टर्मिनलसमोर बसून काम करताना ती क्वचितच खोटी ठरते. आउटपुट फाइलमध्ये वळवलं किंवा पाइपने दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडलं, की तक्रारी सुरू होतात. एररचा मेसेज आधी येतो आणि त्याच्या आधी छापलेली ओळ नंतर. एकच ओळ दोनदा दिसते. तासभर चाललेल्या प्रोग्रॅमची लॉग फाइल शून्य बाइटांचीच राहते. प्रोग्रॅम क्रॅश होतो आणि शेवटच्या ओळी कुठेच सापडत नाहीत. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी मूळ एकच आहे. प्रिंटएफ स्वतः काही पाठवत नाही, तो बफरमध्ये लिहून मोकळा होतो. बफर कधी रिकामा करायचा ते लायब्ररी ठरवते, आणि समोर टर्मिनल आहे की नाही एवढ्या एका खुणेवरून ठरवते. माझं स्पष्ट मत आहे की आज हा अंदाज लायब्ररीवर सोडू नये. कोणतं आउटपुट कधी बाहेर पडावं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच कोडमध्ये सांगावं.

बफर मुळात हवाच कशाला, हे आधी पाहू. एक बाइट बाहेर पाठवायचा तरी प्रोग्रॅमला कर्नलकडे जावं लागतं, म्हणजे राइट नावाचा सिस्टिम कॉल करावा लागतो. प्रत्येक कॉलला प्रोसेसरला मोड बदलावा लागतो, कर्नलला परवानग्या तपासाव्या लागतात, मग परत फिरावं लागतं. १ एमबीची फाइल पुटचार वापरून एकेक बाइट अशी लिहिली आणि बफर नसला, तर १०,४८,५७६ सिस्टिम कॉल होतात. ४०९६ बाइटांचा बफर मध्ये असला की तेच काम २५६ कॉलमध्ये उरकतं. त्यामुळे बफरिंग बंदच करून टाकावं हा सल्ला सरसकट देता येत नाही. मोठ्या फाइलींवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमला तो फार महागात पडेल.

या व्यवस्थेची सुरुवात बेल लॅब्जमध्ये झाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला माइक लेस्क यांनी सीसाठी एक पोर्टेबल इनपुट-आउटपुट लायब्ररी लिहिली. डेनिस रिची यांनी तिची नव्याने मांडणी केली आणि १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ बरोबर ती स्टँडर्ड आय-ओ या नावाने सगळीकडे पोहोचली. त्या लायब्ररीत बफर ५१२ बाइटांचा होता, आणि स्टडआउट टर्मिनलला जोडलेलं असेल तर बफर वापरायचाच नाही असा नियम होता. ओळीगणिक बफर रिकामा करण्याची पद्धत त्यानंतर बीएसडी आणि सिस्टिम व्ही या शाखांमध्ये रुळली. सेटव्हीबफ हे फंक्शन सिस्टिम व्हीचं. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये दोन आर्ग्युमेंटांचा क्रम आजच्या उलट होता, आणि तो उलटा आहे का हे तपासण्यासाठी ऑटोकॉन्फमध्ये एक स्वतंत्र मॅक्रो बराच काळ होता. १९८९ च्या एएनएसआय मानकाने क्रम पक्का केला आणि तीन प्रकारही पक्के केले.

ते तीन प्रकार असे. फुल्ली बफर्ड प्रवाह वडापच्या जीपसारखा असतो, भरल्याशिवाय सुटत नाही. लाइन बफर्ड प्रवाह ओळ संपली की सुटतो. अनबफर्ड प्रवाहात जे येईल ते शक्य तितक्या लवकर पुढे जातं. मानक एवढंच सांगतं की सुरुवातीला स्टडएरर फुल्ली बफर्ड नसावा, आणि स्टडइन व स्टडआउट हे समोरचं उपकरण संवादी नाही अशी खात्री पटली तरच फुल्ली बफर्ड असावेत. बाकी सगळं लायब्ररी बनवणाऱ्यांवर सोडलेलं आहे, आणि त्यांनी ते आपापल्या परीने ठरवलं. लिनक्सवरच्या ग्लिबसीमध्ये बफरचा आकार त्या फाइलच्या ब्लॉकच्या आकारावरून ठरतो: टर्मिनलला सहसा १०२४, पाइपला आणि नेहमीच्या फाइलला सहसा ४०९६ बाइट. मसल या छोटेखानी लायब्ररीत तो १०२४ आहे. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत लाइन बफर्ड हा प्रकार नावालाच आहे. तो मागितला तरी फुल्ली बफर्ड मिळतो. लिनक्सवर लिहिलेला आणि ओळीगणिक आउटपुटवर विसंबलेला प्रोग्रॅम विंडोजवर नेल्यावर गप्प बसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

आता एक उदाहरण जवळून पाहू. सर्व्हरच्या लॉगवर लक्ष ठेवायचं म्हणून टेल कमांड फॉलो पर्यायासह चालवली, तिचं आउटपुट ग्रेपला दिलं आणि ग्रेपचं आउटपुट कटला. ग्रेप एकटा शेवटी असता तर त्याच्या समोर टर्मिनल असतं आणि प्रत्येक जुळणारी ओळ लगेच दिसली असती. पण त्याच्या पुढे कट आल्याबरोबर त्याचं स्टडआउट पाइप झालं आणि तो फुल्ली बफर्ड झाला. जुळणारी ओळ १०० बाइटांची असेल तर सुमारे ४० ओळी साठेपर्यंत कटकडे काहीच जाणार नाही. एरर दर दहा मिनिटांनी येत असेल तर पहिली ओळ दिसायला साडेसहा तासांहून जास्त लागतील. पडद्यासमोर बसलेला माणूस तोवर सगळं सुरळीत आहे असं समजून निघून गेलेला असतो. एसट्रेस लावून पाहिलं तर ग्रेप ओळी वाचतो आहे हे दिसतं, आणि राइटचा एकही कॉल होत नाही हेही दिसतं. ग्रेपला लाइन-बफर्ड हा पर्याय दिला की अडचण सुटते. सेडला यासाठी यू हा पर्याय आहे, आणि ऑकमध्ये एफफ्लश स्वतः बोलावता येतं. हे पर्याय या प्रोग्रॅमांत वेगवेगळे घालावे लागले, यावरूनच मूळ अंदाज किती वेळा चुकतो ते कळतं.

दुसरं उदाहरण फोर्कचं. प्रोग्रॅममध्ये नमस्कार हा शब्द आणि नवी ओळ असा प्रिंटएफ लिहा, त्यानंतर फोर्क बोलवा आणि दोन्ही प्रोसेस मेनमधून नेहमीप्रमाणे परत येऊ द्या. टर्मिनलवर नमस्कार एकदा येतो. तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं की दोनदा येतो. टर्मिनलवर ओळ संपताच बफर रिकामा झालेला होता. फाइलच्या बाबतीत तो शब्द फोर्कच्या क्षणी बफरमध्येच होता, आणि फोर्कने प्रोसेसची सगळी मेमरी दुप्पट करताना बफरही दुप्पट केला. मग दोन्ही प्रोसेसनी संपताना आपापला बफर रिकामा केला. दोन फोर्क लागोपाठ असतील तर शब्द चारदा येईल. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत: फोर्कच्या आधी एफफ्लशला नल देऊन सगळे आउटपुट प्रवाह रिकामे करावेत, आणि मुलाने एक्झेक न करता संपायचं असेल तर एक्झिटऐवजी अंडरस्कोर-एक्झिट वापरावं, कारण ते बफरला हात लावत नाही.

मराठीत आउटपुट देणाऱ्या प्रोग्रॅमांना या बफरचा आणखी एक त्रास आहे, आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं, तर मोकळी जागा आणि नवी ओळ एकेका बाइटाची. ४०९६ ला ३ ने पूर्ण भाग जात नाही, आणि मजकुरात मोकळ्या जागा मिसळल्यावर हिशेब आणखी अनियमित होतो. परिणामी बफर भरतो त्या ठिकाणी एखादा 'क' किंवा एखादी वेलांटी मधूनच तुटते: दोन बाइट एका राइटमध्ये जातात, तिसरा पुढच्यात. पलीकडचा प्रोग्रॅम नीट लिहिलेला असेल तर तो अर्धवट बाइट राखून ठेवतो आणि पुढच्या वाचनाशी जोडतो. पण अनेक प्रोग्रॅम जेवढं एका वाचनात आलं तेवढं लगेच डीकोड करतात. मग लांबलचक मराठी मजकुरात ठरावीक अंतराने प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसायला लागतो. तक्रार फॉन्टवर जाते, कधी डेटाबेसवर. इंग्रजी मजकुराला हा अनुभव येत नाही, कारण तिथे अक्षर एका बाइटाचं असतं, त्यामुळे अशी चूक चाचणीत सापडतही नाही. पाठवणाऱ्याने प्रत्येक ओळीनंतर एफफ्लश केलं तर बहुतेक तुकडे ओळीच्या टोकाला पडतात आणि त्रास कमी होतो. तरी खरी दुरुस्ती वाचणाऱ्याच्या बाजूलाच करायला हवी, कारण पाइपमधून किती बाइट एका वेळी मिळतील याची हमी कुणीच देत नाही.

आता नियंत्रणाच्या साधनांकडे येऊ. मुख्य साधन सेटव्हीबफ. त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात: प्रवाह, बफरचा पत्ता, प्रकार आणि आकार. पहिली अट वेळेची आहे. प्रवाह उघडल्यानंतर, पण त्यावर दुसरं कोणतंही काम होण्याआधी ते बोलवायचं असतं. स्टडआउटसाठी याचा अर्थ मेनमधलं पहिलं विधान. एक प्रिंटएफ होऊन गेल्यावर सेटव्हीबफ बोलावलं तर काही लायब्ररींमध्ये ते चालूनही जातं, पण मानक तशी खात्री देत नाही. दुसरी अट बफरच्या आयुष्याची. मेनमध्येच किंवा दुसऱ्या फंक्शनमध्ये लोकल ॲरे घेऊन तो बफर म्हणून दिला, आणि फंक्शन संपल्यावर प्रवाह उघडाच राहिला, तर प्रोग्रॅम संपताना लायब्ररी मरून गेलेल्या जागेत हात घालते. मेनच्या लोकल ॲरेचंही तसंच, कारण शेवटचं फ्लशिंग मेन संपल्यावर होतं. ॲरे स्टॅटिक ठेवावा. तिसरी गोष्ट अट नाही, पण फसवते: पत्त्याच्या जागी नल आणि आकार ६५,५३६ दिला, तर ६४ केबीचा बफर मिळेल असं वाटतं. ग्लिबसी आणि मसल दोन्ही त्या आकाराकडे लक्ष देत नाहीत. मोठा बफर हवा असेल तर जागा आपणच द्यावी लागते. जुनं सेटबफ फंक्शन फक्त दोनच गोष्टी करतं, बफर लावणं किंवा काढणं. त्यातून काही बिघडलं का ते कळत नाही, म्हणून नव्या कोडमध्ये ते वापरायचं कारण उरलेलं नाही.

एफफ्लशचा अर्थ सोपा आहे: आउटपुट प्रवाहात साठलेलं आत्ता पुढे पाठव. इथे आपल्याकडच्या शिक्षणाबद्दल बोलावंच लागेल. महाराष्ट्रातल्या कॉलेजांमध्ये टर्बो सीवर सी शिकलेल्या पिढ्यांना स्टडइनवर एफफ्लश करायची सवय लागलेली आहे. स्कॅनएफने आकडा वाचला, नंतर अक्षर वाचायला गेलं की आधीचा एंटर अक्षर म्हणून मिळतो, म्हणून मध्ये एफफ्लश. बोरलँडच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या जुन्या कंपायलरांवर हे चालत होतं, म्हणून अनेक लोकप्रिय पाठ्यपुस्तकांत ते आलं आणि तिथून प्रॅक्टिकलच्या वहीत. सीच्या मानकाने इनपुट प्रवाहावर एफफ्लशचं वर्तन निश्चित केलेलं नाही. लिनक्सच्या टर्मिनलवर त्याचा भरवसा नाही, आणि मायक्रोसॉफ्टनेही व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून इनपुटवरचा तो परिणाम काढून टाकला. शिवाय हा बफरिंगचा प्रश्नच नाही. एंटर हे प्रवाहातलं खरोखरचं अक्षर आहे, ते कुणीतरी वाचायलाच हवं. एफगेट्सने अख्खी ओळ वाचावी आणि मग एसस्कॅनएफने तिच्यातून आकडा काढावा. ही एक पद्धत पहिल्या सत्रात शिकवली तर पुढची कितीतरी वर्षं वाचतात.

इनपुटच्या बाजूला आणखी एक गैरसमज भेटतो. एंटर न दाबता एकेक की लगेच मिळावी म्हणून लोक स्टडइन अनबफर्ड करतात आणि काहीच बदलत नाही. कारण ओळ पूर्ण होईपर्यंत अडवून धरणारी लायब्ररी नसते, कर्नलमधला टर्मिनलचा ड्रायव्हर असतो. तो मोड टीसीसेटॲटर वापरून बदलावा लागतो. स्टडइन अनबफर्ड करण्याची खरी गरज वेगळीच आहे. एकाच पाइपमधून दोन प्रोग्रॅम आळीपाळीने वाचणार असतील, तर पहिला गरजेपेक्षा जास्त वाचून स्वतःच्या बफरमध्ये ठेवतो आणि दुसऱ्याला ते कधीच मिळत नाही. शेलची रीड कमांड पाइपवरून मुद्दाम एकेक बाइट वाचते ती यासाठीच.

सोर्स कोड हातात नसेल तेव्हा बाहेरून काय करता येतं? ग्नू कोअरयुटिल्समध्ये २००९ च्या ७.५ या आवृत्तीपासून स्टडबफ ही कमांड आहे. ती एक छोटी लायब्ररी आधी लोड करून प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वी सेटव्हीबफ बोलावते. त्यामुळे तिच्या मर्यादा उघड आहेत: स्टॅटिक लिंक केलेल्या प्रोग्रॅमवर ती चालत नाही, स्वतः सेटव्हीबफ वापरणाऱ्यावर चालत नाही, आणि सीची लायब्ररी न वापरणाऱ्यावर अर्थातच नाही. एक्स्पेक्टसोबत येणारी अनबफर ही कमांड प्रोग्रॅमसमोर खोटं टर्मिनल उभं करते. ती जास्त ठिकाणी चालते, पण प्रोग्रॅम मग रंगांचे कोड वगैरे टर्मिनलसाठीचं सगळंच पाठवू लागतो. नेटबीएसडीने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून बफरिंग ठरवायची सोय थेट सीच्या लायब्ररीत दिली आहे, आणि मला ती या सगळ्यांत सरळ वाटते.

ही चर्चा आज जास्त गरजेची झाली आहे ती कंटेनरमुळे. डॉकरमध्ये टी हा पर्याय न देता चालवलेल्या प्रोग्रॅमचं स्टडआउट टर्मिनलला जोडलेलं नसतं, म्हणजे ते फुल्ली बफर्ड. डॉकर स्टॉप प्रोग्रॅमला सिगटर्म पाठवतं आणि तेवढ्यात तो थांबला नाही तर १० सेकंदांनी सिगकिल. सिगटर्मसाठी प्रोग्रॅमने काही व्यवस्था केलेली नसेल तर कंटेनरमधली मुख्य प्रोसेस सहसा त्या सिगकिलनेच संपते आणि बफरमधलं सगळं जातं. म्हणजे प्रोग्रॅम का थांबला हे सांगणाऱ्या ओळीच नेमक्या जातात. पायथनच्या डॉकरफाइलमध्ये पायथन-अनबफर्ड हे व्हेरिएबल १ करण्याची ओळ इतक्यांदा दिसते ती म्हणूनच. सीमध्ये सिग्नल हँडलरमधून एफफ्लश बोलवायचा मोह होतो, पण ते तिथे सुरक्षित नाही. हँडलरने फक्त एक खूण ठेवावी आणि मुख्य लूपने ती पाहून नीट बाहेर पडावं. अबॉर्टवरही विसंबू नये. ग्लिबसीने २०१८ च्या २.२७ या आवृत्तीपासून अबॉर्टमध्ये बफर रिकामे करणं बंद केलं आहे. प्रिंटएफ पेरून क्रॅश शोधणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. शेवटची दिसलेली ओळ ही शेवटची चाललेली ओळ असेलच असं नाही. अशा कामासाठी स्टडएररच वापरावा.

म्हणून माझा निवाडा असा आहे. ओळीओळीने मजकूर देणारा आणि पाइपमध्ये वापरला जाणारा प्रोग्रॅम असेल तर मेनच्या पहिल्या विधानात स्टडआउट लाइन बफर्ड करावं, आणि विंडोजवरही चालवायचा असेल तर ओळीनंतर एफफ्लश घालावा. प्रश्नोत्तरांचा संवाद असेल, उदाहरणार्थ कोडफोर्सेसवरचे इंटरॅक्टिव्ह प्रश्न, तर प्रत्येक प्रश्न पाठवल्यावर एफफ्लश. मोठ्या प्रमाणावर डेटा हलवायचा असेल तर फुल्ली बफर्ड राहू द्यावं, हवा तर बफर वाढवावा.

एफफ्लश झालं म्हणजे मजकूर डिस्कवर गेला असं मात्र नाही. तो कर्नलच्या पेज कॅशमध्ये गेलेला असतो. वीज गेली तरी टिकायला हवा असेल तर पुढे एफसिंक लागतं. आणि बफर असल्यामुळे चुकाही उशिरा कळतात: डिस्क भरलेली असली तरी प्रिंटएफ यशस्वी झालं असंच सांगतो, कारण त्याने फक्त बफरमध्ये लिहिलेलं असतं. खरी चूक एफफ्लश किंवा एफक्लोजच्या वेळी समोर येते, आणि ते परत काय देतात हे सहसा कुणी पाहत नाही. ग्नू कोअरयुटिल्सचे प्रोग्रॅम ही तपासणी संपताना आवर्जून करतात. आपला प्रोग्रॅम ती करतो का हे लिनक्सवर लगेच पाहता येतं. डेव्ह-फुल नावाचं उपकरण खास यासाठी उपयोगी आहे, त्यावर लिहिलेलं काहीही जागा शिल्लक नाही या एररने परत येतं. प्रोग्रॅमचं आउटपुट तिकडे वळवा आणि एक्झिट कोड पाहा. तो शून्य आला, तर मेनच्या शेवटी एफफ्लशचं उत्तर तपासणारी ओळ आजच घाला.